तळटीप खरी, निष्कर्ष भलताच : ‘स्टेट ऑफ फिअर’ वाचताना



मागच्या महिन्यात एका ज्युनिअरने विचारलं, “ताई, पेट झाली, आता पीएच.डी. सुरू होईपर्यंत दोन महिने हातात आहेत. काय वाचू?” तिला बहुधा संशोधन पद्धतीवरच्या एखाद्या जाडजूड पुस्तकाचं नाव हवं होतं. मी तिला एक थ्रिलर सांगितली. मायकल क्रायटन यांची ‘स्टेट ऑफ फिअर’. वर हेही सांगितलं की ही कादंबरी चांगली आहे म्हणून वाचू नकोस. ती तुला कुठे फसवते ते शोधण्यासाठी वाच.

तिला दिलेलं ते उत्तर आज तुम्हाला सविस्तर देते. कथानक मात्र फोडणार आहे. कोरी वाचायची असेल तर आधी वाचून या.

‘ज्युरासिक पार्क’वाले क्रायटन तुम्हाला माहीत असतीलच. ते शिकलेले डॉक्टर होते. विज्ञानातली एखादी खरी गोष्ट घ्यायची आणि तिच्यावर कल्पनेचा इमला चढवायचा, ही त्यांची हातोटी. ‘स्टेट ऑफ फिअर’ डिसेंबर २००४ मध्ये आली. पर्यावरणवादी अतिरेक्यांची एक टोळी हवामानाशी खेळून अमेरिकेवर संकटं आणायचा डाव रचते, एवढंच तिचं कथानक. अंटार्क्टिकात स्फोटकं पेरून बर्फाचा प्रचंड तुकडा तोडायचा. ॲरिझोनात वादळाला चिथावून अचानक पूर आणायचा. सॉलोमन बेटांजवळ समुद्राच्या तळाशी दरड कोसळवून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर त्सुनामी धाडायची. हे सगळं कशासाठी? तर लॉस एंजेलिसजवळ हवामानबदलावर एक मोठी परिषद भरणार आहे, आणि लोकांना त्याच सुमारास घाबरवलं की निधी आणि कायदे दोन्ही पदरात पडतात. या टोळीमागे निकोलस ड्रेक नावाचा, एका प्रतिष्ठित पर्यावरण संस्थेचा प्रमुख आहे. आपल्या बाजूला पीटर इव्हान्स हा भाबडा तरुण वकील, आणि जॉन केनर हा सगळं काही माहीत असलेला प्राध्यापक कम गुप्तहेर.

आधी गोष्ट म्हणून बोलू. पहिली शंभर-दीडशे पानं खाली ठेवता येत नाहीत. अंटार्क्टिकातल्या हिमभेगेचा प्रसंग वाचताना मला एप्रिलच्या पुण्यात खरंच थंडी वाजली होती. पण पुढे दर दोन पाठलागांमध्ये एक व्याख्यान येतं. विमानात व्याख्यान, गाडीत व्याख्यान, जीव मुठीत धरून पळताना व्याख्यान. आणि प्रत्येक वादात केनर जिंकतो, कारण समोरच्याने एकही पेपर वाचलेला नसतो. टेड ब्रॅडली हा नट तर निव्वळ हसं करून घेण्यासाठी पुस्तकात आहे, आणि शेवटी त्याला नरभक्षकांच्या तावडीत देऊन लेखक त्याच्यावर सूडच उगवतो. परीक्षक आधीच फितवलेल्या व्हायव्हासारखं हे वाटतं. ज्या वादात दुसऱ्या बाजूला अभ्यास केलेला एकही माणूस नाही, त्या वादातल्या विजयाला कितीसा अर्थ?

आता विज्ञानाकडे येऊ. वादळ घडवता येतं का?

वहीत गणित मांडून बघा, अवघड नाही. दहा किलोमीटर लांब आणि दहा किलोमीटर रुंद पट्ट्यावर एक सेंटीमीटर पाऊस पडला असं धरा. म्हणजे दहा लाख घनमीटर पाणी, वजन शंभर कोटी किलो. वाफेचं पाणी होताना दर किलोमागे साधारण २५ लाख जूल ऊर्जा बाहेर पडते. गुणाकार केला की हिरोशिमावरच्या सुमारे चाळीस बॉम्बइतकी ऊर्जा येते. तीही एका मध्यम सरीची! ढगांची ही ताकद रॉकेटं आणि तारा लावून माणूस आणू शकत नाही.

क्रायटन यांची बाजू घेऊन म्हणता येईल की खलनायक ऊर्जा पुरवत नाहीत, ते फक्त ठिणगी टाकतात. बरोबर आहे, आणि तसे प्रयत्न प्रत्यक्षातही झालेले आहेत. १९४६ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर यांनी कोरडा बर्फ टाकून ढगात हिमकण तयार करून दाखवले. पाठोपाठ सिल्व्हर आयोडाइड आलं. १९६७ ते १९७२ या काळात अमेरिकी सैन्याने व्हिएतनाम युद्धात शत्रूच्या रसदीच्या वाटा चिखलात रुतवण्यासाठी ‘ऑपरेशन पॉपाय’ नावाने गुपचूप ढगांत बीजारोपण केलं. त्याचा बोभाटा झाला आणि पुढे हवामानाचा शस्त्र म्हणून वापर करण्यावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. तो १९७८ मध्ये अमलात आला, आणि भारतही त्यात आहे. म्हणजे क्रायटन यांची कल्पना काही हवेतून आलेली नाही. सरकारांना तिची भीती वाटली होती, हा इतिहास आहे.

पण तुमच्या कामाची गोष्ट ‘प्रोजेक्ट स्टॉर्मफ्युरी’ची आहे. १९६२ ते १९८३ अशी एकवीस वर्षं अमेरिकी शास्त्रज्ञ चक्रीवादळांचा जोर कमी करता येतो का हे तपासत होते. १९६९ मध्ये ‘डेबी’ वादळात सिल्व्हर आयोडाइड टाकलं आणि वाऱ्याचा वेग सुमारे तीस टक्क्यांनी उतरला. केवढा आनंद झाला असेल! नंतर निरीक्षणं वाढली तेव्हा कळलं की कोणीही हात न लावलेल्या वादळांतही असे चढउतार होतात. वादळाच्या डोळ्याभोवतीची ढगांची भिंत मोडते, तिच्या बाहेर नवी भिंत उभी राहते, आणि मधल्या काळात वारा ढिला पडतो. शिवाय बीजारोपणाला लागणारं, शून्याखाली जाऊनही न गोठलेलं पाणी या वादळांत फारच कमी असतं. प्रकल्प गुंडाळला गेला. आपण काहीतरी केलं आणि नंतर काहीतरी घडलं, एवढ्यावरून ‘आपल्यामुळे घडलं’ म्हणता येत नाही, हे शिकायला एकवीस वर्षं लागली.

आपल्याकडचं उदाहरण सोलापूरचं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा दुष्काळी टापू. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ‘कायपीक्स’ या प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यात २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत इथे प्रयोग केले. पाऊस पडला आणि टाळ्या वाजवल्या, असं त्यांनी केलं नाही. २७६ ढग अभ्यासाला घेतले, आणि कोणत्या ढगात बी टाकायचं व कोणता तसाच सोडायचा हे नशिबावर, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने ठरवलं. वाऱ्याच्या दिशेला शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के पाऊस वाढल्याचं त्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि तेही योग्य ढग मिळाले तरच, या अटीसह. कादंबरीतल्या टोळीला जे एका दुपारी जमतं, त्याच्या शतांशावर बोलायला खऱ्या माणसांना दोन पावसाळे आणि पावणेतीनशे ढग लागतात.

इथेच मला या कादंबरीतली मोठी गंमत दिसते. केनर सहाशे पानं सांगत राहतो की हवामान ही अतिशय गुंतागुंतीची व्यवस्था आहे, तिचं भाकीत करता येत नाही, मॉडेलवर विश्वास ठेवू नका. आणि त्याच पुस्तकातले खलनायक परिषदेच्या वेळापत्रकाप्रमाणे वादळ, पूर आणि त्सुनामी लावून देतात! ठिणगी टाकून हवा तोच परिणाम मिळवायचा तर पुढे काय होणार हे शास्त्रज्ञांपेक्षा कितीतरी जास्त अचूक ठाऊक असायला हवं. ज्या भाकीतशक्तीची लेखक प्रयोगशाळेत टिंगल करतो, तीच तो गुन्हेगारांच्या तंबूत फुकट वाटतो. थ्रिलर म्हणून हे चालेल. पण मग व्याख्यानं आवरती घ्यायला हवी होती.

आता मुख्य मुद्दा.

या कादंबरीला तळटिपा आहेत. खऱ्या जर्नलमधल्या खऱ्या पेपरांच्या. आलेख आहेत, शेवटी लांबलचक संदर्भसूची आहे, दोन परिशिष्टं आहेत. कथा काल्पनिक असली तरी तळटिपा खऱ्या आहेत, असं पुस्तक सुरुवातीलाच सांगतं. एमएस्सीला असताना हॉस्टेलवर मी ही कादंबरी पहिल्यांदा वाचली, तेव्हा तळटिपांनीच मला गार केलं होतं. ‘नेचर’चा संदर्भ दिलाय म्हणजे बघायलाच नको! पुढचे दोन आठवडे मी मेसमध्ये सगळ्यांशी हवामानबदलावरून भांडत होते. त्यातला एकही पेपर मी उघडलेला नव्हता.

तळटिपा खऱ्या आहेत, हे अगदी खरं. पण त्या काय सिद्ध करतात? तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं अंटार्क्टिकाचं. पीटर डोरान आणि सहकाऱ्यांचा २००२ मधला ‘नेचर’मधला पेपर पुस्तकात दाखला म्हणून येतो. १९६६ ते २००० या काळात अंटार्क्टिकाचा सुमारे ५८ टक्के भाग थंड झाला, असं त्या पेपरात आढळलं होतं. केनरचा रोख असा की बघा, जिथे बर्फ वितळतोय म्हणून ओरड चाललीय तिथे तर गारवा वाढतोय. पण त्याच काळात उरलेला भाग तापत होता. आणि एका खंडाच्या काही दशकांवरून पृथ्वीच्या तापमानाचा निकाल लागत नाही. शेवटी डोरान यांनाच जुलै २००६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहावा लागला. आपल्या निष्कर्षांचा गैरवापर झाला आहे हे त्यांनी या कादंबरीचं नाव घेऊन सांगितलं. विचार करा, तुमचा पेपर जगभर गाजतोय, आणि तुम्ही जे म्हणालाच नाहीत त्यासाठी गाजतोय.

दुसरं जेम्स हॅन्सन यांचं. नासाच्या या शास्त्रज्ञाने जून १९८८ मध्ये अमेरिकी सिनेटसमोर तापमानवाढीबद्दल साक्ष दिली होती. त्यांचं भाकीत तीनशे टक्क्यांनी चुकलं, असं कादंबरीत सांगितलं जातं. मूळ पेपर उघडला तर दिसतं की हॅन्सन यांनी एक नाही, तीन शक्यता मांडल्या होत्या. ‘अ’मध्ये उत्सर्जन बेसुमार वाढत जातं, ‘ब’मध्ये मध्यम गतीने वाढतं, ‘क’मध्ये त्याला लगाम बसतो. तिन्हींत ‘ब’ सर्वांत संभाव्य, असं त्यांनीच म्हटलं होतं, आणि प्रत्यक्षातली वाढही ‘ब’च्याच जवळून गेली. मग तीनशे टक्के आले कुठून? १९९८ मध्ये पॅट्रिक मायकल्स यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे या आलेखातली ‘अ’ रेषा तेवढी ठेवली, बाकी दोन गाळल्या. तोच अर्धा आलेख हातोहात फिरत कादंबरीत येऊन बसला. इथे आकडा खोटा नाही. फक्त दोन रेषा पुसल्या आहेत.

तिसरं आलेखांचं. न्यूयॉर्क शहराचं तापमान वर चढताना दिसतं, त्याच राज्यातल्या ऑल्बनीचं चढत नाही. मग कसली आली जागतिक तापमानवाढ, असा सवाल. शहरं सिमेंट-डांबरामुळे जास्त तापतात, हे अगदी खरं आहे. पण म्हणूनच तर शास्त्रज्ञ हजारो केंद्रांच्या नोंदी घेतात, शहरी परिणामाची दुरुस्ती करतात आणि समुद्रावरचं तापमानही धरतात. हजारो केंद्रांतून हवी ती दोन उचलली तर काहीही दाखवता येतं. वर्गातल्या दोन नापास मुलांची मार्कलिस्ट दाखवून शाळेचा निकाल शून्य लागला म्हणण्यातलाच हा प्रकार.

क्रायटन यांना मी सरसकट मोडीत काढत नाहीये. त्यांनी विचारलेले काही प्रश्न रास्त आहेत. निधी देणाऱ्याला जे हवं त्याकडे संशोधन झुकतं का? भीती विकली जाते का? डेटा गोळा करणारे आणि त्याचं विश्लेषण करणारे वेगळे असावेत का? हे प्रश्न आपल्यालाही पडायला हवेत. वातावरणात कार्बन डायऑक्साइड वाढतोय आणि त्यात माणसाचा हात असावा, हेही ते पुस्तकाच्या शेवटच्या मनोगतात मान्य करतात. त्याच मनोगतात पुढच्या शतकातल्या तापमानवाढीचा स्वतःचा अंदाज ते ०.८१२४३६ अंश असा देतात. सहा दशांश स्थळं मुद्दाम, भाकितं करणाऱ्यांची थट्टा म्हणून. हसू येतं. पण थट्टा करायची आणि थट्टेच्या आडून छोटा आकडाही पेरायचा, ही चलाखी नजरेतून सुटू देऊ नका.

परिशिष्टात ते सुप्रजननशास्त्र आणि लायसेन्को यांची उदाहरणं देतात. राजकारण विज्ञानात शिरलं की माणसं मरतात, हा इशारा. इशारा खरा आहे, त्या इतिहासात खरोखर बळी गेले. फक्त तो इशारा स्वतःच्या पुस्तकाला लागू करायला ते विसरले. २८ सप्टेंबर २००५ रोजी अमेरिकी सिनेटच्या पर्यावरणविषयक समितीने क्रायटन यांना साक्षीसाठी बोलावलं. समितीचे अध्यक्ष होते सिनेटर जेम्स इनहोफ, हवामानबदलाचे कट्टर विरोधक. एक कादंबरीकार, देशाच्या धोरणाबद्दल, कादंबरीतल्या अभ्यासाच्या जोरावर! कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवून तेव्हा जेमतेम महिना झाला होता. कादंबरीत हवामानाला वेठीला धरून देशाला घाबरवणारी टोळी आहे. प्रत्यक्षात रॉकेट लागलं नाही की स्फोटक लागलं नाही, अर्धवट वाचलेले संदर्भ पुरले. घाबरवण्याऐवजी निर्धास्त करायला, एवढाच फरक.

आता माझं सांगते, कारण दुसऱ्याच्या तळटिपांवर बोलणं सोपं असतं.

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी लिटरेचर रिव्ह्यूचं चाळीस पानी प्रकरण सरांना दिलं. एकशे दहा संदर्भ होते, आणि मी खुशीत होते. सरांनी मधलंच एक पान काढलं, एका वाक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हा पेपर तू वाचलायस?” मी हो म्हणाले. ते म्हणाले, “मग यातला तिसरा आलेख काय दाखवतो?” मला सांगता येईना. मी फक्त ॲबस्ट्रॅक्ट वाचलं होतं. खरं तर तेही नाही. दुसऱ्या एका पेपरात या पेपराबद्दल जे लिहिलं होतं, ते उचललं होतं. रात्री मूळ पेपर उघडला. लेखकांनी निष्कर्षाला दोन अटी घातल्या होत्या आणि त्यातली एक माझ्या प्रदेशाला लागूच होत नव्हती. माझं वाक्य सपशेल उलटं पडत होतं.

त्या रात्री मला केनर आठवला. त्याच्यासारखीच मी तळटिपांची भिंत बांधली होती. तीही खऱ्या विटांची. फक्त वीट उलटून बघितली नव्हती. दुसऱ्या दिवशी सर एवढंच म्हणाले, “संदर्भ म्हणजे साक्षीदार. तो कोर्टात काय बोलणार हे ठाऊक नसताना त्याला उभा करू नये.” एकशे दहाचे त्रेसष्ट झाले. प्रकरण दोन महिने मागे गेलं. पण आज त्यातला कोणताही पेपर काढून विचारा, मी सांगू शकते.

म्हणून माझा आग्रह आहे की ही कादंबरी वाचा, आणि वाचताना शेजारी लॅपटॉप उघडा ठेवा. तळटीप आली की थांबा. मूळ पेपर शोधा. लेखक काय म्हणतोय आणि कादंबरी त्याच्या तोंडी काय घालतेय, हे दोन रकान्यांत लिहा. आलेख दिसला की विचारा, यात कोणत्या रेषा नाहीत? दोन ठिकाणांची तुलना दिसली की विचारा, ही दोनच का? पाच-सात तळटिपांनंतर हात बसेल. त्यानंतर तुम्ही कोणताही पेपर असाच वाचाल, आणि तुम्हाला पटणारा निष्कर्ष असेल तेव्हाही असाच वाचाल. आपल्या बाजूचा संदर्भ तपासायला आपण सगळ्यात जास्त कंटाळा करतो, हा माझा अनुभव आहे.

त्या ज्युनिअरचा परवा फोन आला होता. “ताई, कादंबरी अजून अर्धीच झालीय, पण पेपर अकरा वाचून झाले.”

मी म्हटलं, तुझी पीएच.डी. सुरू झाली.